जुनी कोरीव पोर्ट्रेट छापचित्रं : खालची पांढरी पट्टी कापू देऊ नका (सोलापूर)

लष्करवाली
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय कारण मनाला फार लागलंय आणि घरात सांगून कुणाला त्यातलं काही कळत नाहीये. आईच्या मामांचं लष्कर भागातलं जुनं घर मागच्या महिन्यात रिकामं केलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या पेपरच्या घड्यांमध्ये ठेवलेली १४ छापील चित्रं मिळाली. सगळी माणसांची, म्हणजे नुसते चेहरे किंवा कमरेपर्यंत. बहुतेक विगवाले नाहीतर युनिफॉर्मवाले गोरे, एक पागोटंवाला, एक राणी व्हिक्टोरिया. काळ्या शाईची, रंग नाही. मामाआजोबा रेल्वेत होते आणि जिथं बदली होईल तिथनं जुना कागद गोळा करायचे एवढंच आईला आठवतं.
त्यातलं सगळ्यात देखणं चित्र मी फ्रेमला दिलं. दुकान कुठलं ते सांगत नाही, माणूस वाईट नाहीये, पण मी काहीच बोलले नव्हते आणि त्यांनी त्यांच्या पद्धतीनं केलं. चित्राखाली दोन बोटं पांढरी पट्टी होती, त्यात एकदम बारीक अक्षरं होती, ती फ्रेमच्या मापात बसेना म्हणून कापून टाकली आणि चित्र प्लायवर गमनं चिकटवलं. हातात घेतलं तेव्हा काय गेलंय ते मला नीट कळलंही नाही. रात्री मोबाईलमधला जुना फोटो बघितला आणि मग कळलं, की त्या माणसाचं नावच गेलं. आता १३ उरलीत. ही नक्की काय आहेत, सोलापुरात कुणी जमवतं का, आणि मी ह्यांचं काय करू?

पिकग्लास
ताई, पहिलं सांगतो, उरलेली १३ कुठंही देऊ नका, आहेत तशी सपाट ठेवा, रोल करू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. बाकीचं नंतर.
मी पूर्व भागातला, वडील मागावर होते, आमचं आता टॉवेलचं छोटं युनिट आहे. बारा वर्षं झाली असली पोर्ट्रेट जमवतोय, ६० च्या वर झालीत. कापडाची नजर असली की ह्या चित्रांत माणूस अडकतोच. आमच्याकडं कापडाच्या इंचात किती धागे ते मोजायला घडीचं भिंग असतं ना, पिक ग्लास, ते आधी हातात घ्या. आपल्या गावात मिळायला अडचण नाही. ते कागदावर उभं करा आणि गालावरची सावली बघा, चेहरा बघू नका, फक्त सावली बघा.
सावली रेषांची असली, म्हणजे रेषा मध्ये जाड आणि टोकाला बारीक होत गेलेली, एकावर एक तिरकी जाळी, तर ते तांब्याच्या पत्र्यावर बुरीननं कोरलेलं. बुरीन म्हणजे चौकोनी पोलादी टोचा, तळहातात मूठ धरून पुढं ढकलायचा, तो तांबं नांगरल्यासारखं काढत जातो. मग त्या खाचांत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून स्वच्छ करायचा, ओला कागद ठेवायचा आणि रुळाच्या दाबयंत्रातनं काढायचा, खाचेतली शाई कागद ओढून घेतो. म्हणून शाई कागदाच्या वर किंचित उठलेली असते, तिरप्या उजेडात दिसते.
सावली ठिपक्यांची असली आणि ठिपके वेडेवाकडे, कुठं दाट कुठं विरळ, तर ते स्टिपल. बार्तोलोझी नावाचा इटालियन कोरणारा १७६४ ला लंडनला आला, त्यानं ह्या पद्धतीला फार चलती आणली. ठिपके एकदम शिस्तीत ओळीनं असले, जॅकार्ड मागाच्या पुठ्ठ्यावरच्या भोकांसारखे, तर ते फोटोवरनं केलेलं हाफटोन, म्हणजे १८८० नंतरचं, पुस्तकातनं नाहीतर मासिकातनं आलेलं.
आणि सावली मखमलीसारखी काळी, ना रेष ना ठिपका, तर मेझोटिंट. त्यात सगळं उलटं काम. आधी पूर्ण पत्रा दातेरी हत्यारानं खरखरीत करतात, तसाच छापला तर नुसता काळा येईल, मग जिथं उजेड पाहिजे तिथं खरडून घासून गुळगुळीत करायचं. अंधारातनं चेहरा बाहेर काढायचा. मेझोटिंटची सुरुवात १६४२ मध्ये लुडविग फॉन सीगेननं केली. हा खरखरीतपणा दाबानं लवकर झिजतो, शंभरेक चांगल्या प्रती निघाल्या की पत्रा फिका पडायला लागतो, म्हणून गडद काळी प्रत मिळाली तर जपा. तिच्यावर बोट फिरवू नका, कापडानं पुसू नका, ती शाई वरच्या वर बसलेली असते.
१३ पैकी कुठल्या कशा आहेत ते बघून सांगा.

होटगीरोडकर
मला एक विचारायचंय, राग मानू नका. हे असले गोऱ्या साहेबांचे चेहरे जमवायचे कशाला? १८१८ च्या मे महिन्यात मन्रोच्या फौजेनं आपला भुईकोट घेतला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. ह्या गावात राहून मी माझ्या भिंतीवर कॉर्नवॉलिस लावणार नाही.

शाईकागद
होटगीरोडकर, भिंतीवर लावायला मीही सांगणार नाही, माझ्याकडचे सगळे फोल्डरमध्ये आहेत. पण शिवाजी महाराजांचा चेहरा घ्या. फ्रांस्वा व्हॅलेंटाइन नावाच्या डच पाद्र्याचे ईस्ट इंडीजवरचे जाडजूड ग्रंथ १७२४ ते १७२६ मध्ये छापले गेले, त्यात महाराजांचं कोरीव चित्र आहे. महाराज गेले १६८० ला, म्हणजे पन्नास वर्षंही झाली नव्हती, आणि हॉलंडमध्ये कुणीतरी तांब्यावर त्यांचं नाक, दाढी, शिरपेच कोरत बसला होता. तो पत्रा कोरला गेला नसता तर आपल्याकडचा एक आधार कमी झाला असता. परक्यांनी कोरलेलं म्हणून टाकून द्यायचं म्हटलं तर हेही टाकावं लागेल, आणि ते माझ्यानं होणार नाही.
उलटी बाजूही आहे. १८५७ ला लंडनच्या सचित्र साप्ताहिकात नानासाहेब पेशव्यांचं म्हणून जे चित्र छापून आलं ते नानासाहेबांचं नव्हतंच, दुसऱ्याच माणसाचा चेहरा होता, आणि पुढं कितीतरी वर्षं तोच चेहरा नानासाहेब म्हणून फिरत राहिला. हे कळायला तो छापील कागद कुणीतरी जपून ठेवलेला असायला लागतो. आपल्या माणसाला त्यांनी कसं दाखवलं आणि स्वतःला कसं दाखवलं, दोन्ही ह्याच कागदांत आहे. टिपूवर काय काय छापलं त्यांनी १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर! ते बघितलं तर तुमचा राग कमी नाही होणार, वाढेल, पण पुराव्यासकट वाढेल.

होटगीरोडकर
महाराजांच्या चित्राचं माहीत नव्हतं. पटलं. मी वाचत राहतो.

लष्करवाली
पिकग्लासदादा, भिंग मिळालं, दुपारपासून तेच चाललंय, स्वयंपाक तसाच राहिला. पाच रेषावाली, चार ठिपकेवाली (ठिपके वेडेवाकडेच आहेत, मोजून बघितले), एक सगळी काळी मखमल, दोन मला कळली नाहीत आणि एक राणी व्हिक्टोरिया, तिच्या मागच्या बाजूला इंग्रजी मजकूर छापलाय. चित्राच्या चारही बाजूंनी कागद दबलाय असं बऱ्याच ठिकाणी आहे, बोटाला पायरी लागते. ती घडी आहे का खराबी?
आणि खालची अक्षरं डावीकडं एक नाव आणि पुढं पिंक्सिट, उजवीकडं दुसरं नाव आणि स्कल्प्सिट अशी आहेत. खाली मधे पब्लिश्ड ॲज द ॲक्ट डायरेक्ट्स, मग तारीख आणि लंडनचा पत्ता.

शाईकागद
ती पायरी म्हणजे पत्र्याची कड. ओल्या कागदावर पत्रा दाबला जातो तेव्हा त्याच्या कडेचा ठसा उठतो, प्लेटमार्क म्हणतात. खराबी नाही, साक्ष आहे. ही कड कापलेली प्रत निम्म्या किमतीलाही जात नाही बऱ्याचदा, मला किमतीपेक्षा वाईट ह्याचं वाटतं की पत्र्याचं माप कायमचं जातं. एक सांभाळा, फोटोग्राव्ह्यूरलाही अशीच कड येते, ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं फोटोवरनं केलेलं काम, तेव्हा नुसत्या कडेवर विश्वास ठेवू नका, भिंग लावाच.
पिंक्सिट म्हणजे ह्यानं रंगवलं, स्कल्प्सिट म्हणजे ह्यानं कोरलं. डेलिनिआविट दिसलं तर ह्यानं रेखाटलं, एक्सकुडिट म्हणजे ह्यानं छापून प्रसिद्ध केलं. लॅटिन आहे. चित्रकार वेगळा, कोरणारा वेगळा, विकणारा वेगळा, तिघांचीही नावं त्या दोन बोटं पट्टीत. आणि तो ॲक्ट म्हणजे १७३५ चा कायदा, विल्यम होगार्थ आणि त्याच्या सोबतच्या कोरणाऱ्यांनी पार्लमेंटमागं लागून मिळवलेला. त्यांची चित्रं दुसरे लोक बिनधास्त कोरून विकायचे. कायद्यानं १४ वर्षांचा हक्क मिळाला, पण अट अशी की मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख पत्र्यावरच पाहिजे. म्हणजे ताई, तुमच्या त्या चौदाव्या चित्राची जी पट्टी गेली तिच्यात कोरणाऱ्याचा हक्क होता. मला वाचून खरंच वाईट वाटलं.
फक्त एवढं ध्यानात ठेवा की ती तारीख पत्र्याची आहे, तुमच्या कागदाची नाही. पत्रे विकले जायचे, दुसरा प्रकाशक तीस-चाळीस वर्षांनी परत छापायचा, जुनी तारीख तशीच. म्हणून कागद बघायला लागतो.

पिकग्लास
कागदाचं मी सांगतो, हे आमचं खातं हाय.
चित्र खिडकीसमोर धरा, नाहीतर मोबाईलची टॉर्च मागनं लावा. जवळजवळ आडव्या बारीक रेषा आणि साधारण इंचाइंचावर उभ्या रेषा दिसल्या तर तो लेड कागद. साच्याच्या तारांचा ठसा असतो तो. काहीच रेषा नाहीत, एकसारखं, तर वोव्ह. आता वोव्ह म्हणजे काय, विणलेला! साच्यात सुट्या तारांऐवजी पितळेच्या तारांचं विणलेलं कापड घातलं, ताणा-बाणा सगळं तसंच. इंग्लंडात व्हॉटमन नावाच्या कागदवाल्यानं केला, बास्करव्हिलनं १७५७ ला त्यावर पुस्तक छापलं. हे मला कळलं त्या दिवशी मी वडलांना खिडकीपाशी बसवून दाखवलं, त्यांनी कागद हातात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले "विणकऱ्याचंच काम हाय की".
पाणचिन्ह शोधा, म्हणजे उजेडासमोर धरल्यावर दिसणारी कागदातली खूण. १७९४ पासून इंग्लंडात कागदवाले पाणचिन्हात साल घालायला लागले, करातल्या सवलतीसाठी. माझ्याकडं एक आहे, पत्र्यावर १७८६, कागदात १८०९. विकणाऱ्यानं १७८६ म्हणून दिलं होतं, खोटं नव्हतं त्याचं, पण पूर्ण खरंही नव्हतं. आता पेन्सिलीनं पाठीवर कोपऱ्यात लिहून ठेवलंय.

जुनीगिरणी
किंमत किती येईल हो ह्यांना? बहिणीकडं पण असलंच एक आहे, नव्या पेठेत एकानं २०० रुपये सांगितले.

पिकग्लास
जुनीगिरणी, बघितल्याशिवाय सांगता येत नाही आणि २०० ला देऊ पण नका. डाव्या कडेला शिवणीची भोकं असली तर पुस्तकातनं काढलेलं पान, ती जास्त मिळतात. मी हैदराबादला रविवारी अबिड्सच्या फुटपाथवर एक स्टिपल ३०० ला घेतलंय आणि एका मेझोटिंटसाठी मुंबईत मटन स्ट्रीटला साडेसहा हजार मोजलेत, दोन्ही वेळा आनंद सारखाच झाला. १८२० नंतर पोलादाचे पत्रे आले, ते हजारो प्रती झिजत नाहीत, म्हणून १८३०-४० ची पोलादी पोर्ट्रेट भरपूर आहेत. रेषा एकदम बारीक, जवळजवळ, रंग राखाडी चंदेरी. नवीन माणसानं तिथनंच सुरुवात करावी, हात बसतो.
परदेशात विकायचा विचार असेल तर सोडा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं १०० वर्षांपेक्षा जुनी कलाकृती आपल्याला बाहेर पाठवता येत नाही.

शाईकागद
पुस्तकातनं काढलेल्या पानांवरनं एक सांगायलाच पाहिजे. जेम्स ग्रेंजर नावाच्या पाद्र्यानं १७६९ मध्ये इंग्लंडच्या इतिहासातल्या माणसांची यादी काढली, कुणाकुणाची कोरीव पोर्ट्रेट आहेत त्याची. त्यात चित्र एकही नव्हतं. लोकांनी ती यादी हातात घेऊन चित्रं शोधायला सुरुवात केली, आणि शोधायची कुठं तर दुसऱ्या पुस्तकांत. चांगली चांगली पुस्तकं फाडून चेहरे काढले आणि आपल्या प्रतीत चिकटवले. त्या उद्योगाला त्याच्याच नावावरनं शब्द पडला. ह्या छंदात हे पाप सुरुवातीपासून आहे आणि मी इथं सगळ्यांना हात जोडून सांगतो, सुटं पान मिळालं तर घ्या, पण अख्खं पुस्तक मिळालं तर त्यातनं पान काढू नका, कितीही फाटकं असू दे.
आणि हे सगळं परक्यांचंच आहे असंही नाही. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९० च्या दशकात पुण्यात होता, सवाई माधवराव आणि नाना फडणविसांची चित्रं त्यानं काढली. त्याच्या हाताखाली शनिवारवाड्यात चित्र शिकला तो गंगाराम तांबट. आडनाव बघा. आणि १८०५ मध्ये मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांनी भगवद्गीता छापून घेतली ती तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून. सोलापूरहून मिरज किती लांब आहे? कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज, आपली नेहमीची गाडी. तांब्यावर उलटं अक्षर कोरणारा हात आपल्याकडं होता, पण त्या हातानं चेहरे कोरून विकायचा धंदा इथं उभा राहिला नाही, लगेच शिळाछाप, म्हणजे दगडावरनं छापायची पद्धत आली. ह्याची मला कायम हळहळ वाटते.

आंबराई
माझ्याकडं आजोबांच्या वेळचं नाना फडणविसांचं रंगीत चित्र आहे, खाली चित्रशाळा पुणे लिहिलंय. हे पण कोरीव का?

शाईकागद
नाही, ते शिळाछाप. चित्रशाळा १८७८ ला निघाली, दगडावर तेलकट शाईनं काढून छापायचे. कड दबलेली नसते, भिंगात खडूसारखा दाणा दिसतो. पण टाकू नका हं, त्याचं मोल वेगळं आहे.

लष्करवाली
आता ठेवायचं कसं ते सांगा. आमच्याकडं वरच्या मजल्यावर मे मध्ये भिंत हात लावू देत नाही इतकी तापते. ट्रंकेतल्या एका चित्राला कसरीनं कोपरा खाल्लाय आणि दोघांवर तपकिरी ठिपके आलेत. शेजारच्या काकू म्हणाल्या उन्हात ठेव, नाहीतर लिंबू लाव.

पिकग्लास
ऊन नको, लिंबू नको, ब्लीच नको, खोडरबर पण नको!! ठिपके राहू द्या. ते घालवायच्या नादात लोकांनी किती कागद मारलेत ते मी डोळ्यांनी बघितलंय, पांढरा होतो आणि पाच वर्षांत पापडासारखा तुटतो.
सोलापूरची हवा कोरडी आहे हे एका अर्थी बरं, कोकणातल्यासारखी बुरशी नाही. पण आपलं ४३-४४ चं ऊन कागदातली ओल शोषून घेतं आणि पत्र्याची ट्रंक तर भट्टीच. खालच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं लाकडी नाहीतर लोखंडी कपाट बघा, त्यात सपाट. प्रत्येक चित्राच्या मधे ॲसिड-फ्री कागद, पुण्या-मुंबईत मिळतो, मागवता येतो. जुने पेपर आजच काढून टाका, पेपरचं आम्ल चित्रात उतरतं. डांबर गोळी कागदाला चिकटून ठेवू नका. दर महिन्याला एकदा उघडून बघा, कसर अंधारात आणि शांततेत वाढते.
फ्रेम करायचीच असेल तर चित्र कशालाही पूर्ण चिकटवायचं नाही. वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, त्या गव्हाच्या खळीनं लावायच्या. खळ आमच्या घरात मला सांगावी लागत नाही, सुताला लावतो तीच जात, पाण्यानं सुटते हा तिचा सगळ्यात मोठा गुण. जे सुटत नाही ते कागदाला लावायचं नाही, बस. काच आणि चित्राच्या मधे माउंटची, म्हणजे मधे कापलेल्या पुठ्ठ्याची खिडकी पाहिजे, आणि ती खिडकी कापताना खालची अक्षरं दिसतील एवढी मोठी ठेवा. फ्रेमवाल्याला कागदावर लिहून द्या, "मूळ चित्र कापायचं नाही". मी प्रत्येक वेळी लिहून देतो आणि समोर उभा राहतो.

लष्करवाली
आणि ते प्लायवर चिकटलेलं? ते काढता येईल का?

शाईकागद
घरी अजिबात प्रयत्न करू नका. तो गम पाण्यानं सुटणारा नसेल तर कागदाचे पदर निघतील. कागदाचं संवर्धन करणारी माणसं मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, त्यांना आधी फोटो पाठवून विचारा. तोवर आहे तसं, भिंतीवरनं उतरवून, अंधारात. पट्टीतलं काय काय वाचता येतंय मोबाईलच्या फोटोत?

लष्करवाली
फोटो हललाय. उजवीकडचा शब्द स्कल्प्सिट आहे हे आता कळतंय. त्याआधीचं नाव अर्धंच, शेवटची अक्षरं टर्नर असावीत. तारखेतलं १८०० आणि पुढं काहीतरी. माणूस म्हातारा, काळा कोट, हातात गुंडाळी. चित्र मखमली काळं आहे, म्हणजे मेझोटिंटच ना? मी सगळ्यात चांगलं तेच दिलं होतं.

पिकग्लास
हो ताई. मेझोटिंटच असणार. चार्ल्स टर्नर त्या काळातला मोठा मेझोटिंटवाला होता. लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आणि ब्रिटिश म्युझियम दोघांचा साठा नेटवर फुकट बघता येतो, कोरणाऱ्याच्या नावानं शोधा. वेळ लागेल, शेकडो आहेत. पण काळा कोट आणि हातातली गुंडाळी, एवढ्यावर सापडू शकतो.

*(चार दिवसांनी)*

लष्करवाली
सापडला. पोरं झोपल्यावर तीन रात्री बसले होते. उभं राहायची पद्धत, गुंडाळी धरलेली बोटं, मागचा पडदा, सगळं तेच. माझी प्रत समोर ठेवून बोट न बोट जुळवलं. नाव मिळालं, चित्रकार मिळाला, टर्नरच होता, तारीख पण मिळाली. मी ती सगळी पट्टी जशीच्या तशी ओळीनं एका ॲसिड-फ्री कागदावर पेन्सिलीनं लिहिली आणि फ्रेमच्या मागं पाकिटात ठेवली. मूळ पट्टी नाही, पण पुढं कुणाच्या हातात गेलं तर बिननावाचा जाणार नाही.
फ्रेमवाल्या काकांकडं पण जाऊन आले. भांडायला नाही. भिंग नेलं होतं, दुसऱ्या एका चित्राची अक्षरं दाखवली. त्यांनी दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले की असली पट्टी त्यांनी आजवर बऱ्याच वेळा कापलीय. पुढं काही बोलले नाहीत, मीही नाही.
आता एकच राहिलं. ती राणी व्हिक्टोरिया. कड दबलेली नाही, मागं मजकूर, रेषा आहेत पण तुम्ही सांगितल्यासारख्या टोकाला बारीक होत नाहीत. आणि तिच्या खांद्यातनं खाली एक केसाएवढी पांढरी रेघ सरळ गेलीय, वरनं खालपर्यंत, पट्टी लावून ओढल्यासारखी. कागद फाटलेला नाही, मागनं बघितलं.

शाईकागद
वा! ताई, ते लाकडावर कोरलेलं आहे, तांब्यावर नाही. साप्ताहिकाचं पान. बॉक्सवूड नावाचं घट्ट लाकूड, पण झाड बारीक, मोठा ठोकळा मिळत नाही, म्हणून छोटे ठोकळे मागनं बोल्टनं जोडून एक मोठा करायचे. घाई असली की ठोकळे सुटे करून एकेक तुकडा वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटायचे, म्हणजे आठवड्याचा अंक वेळेत निघतो, आणि परत जोडून अक्षरांच्या खिळ्यांबरोबरच छापायचे, म्हणून मागं मजकूर. तुम्हाला दिसतेय ती दोन ठोकळ्यांमधली फट आहे. अजून एखादी आडवी पण असेल, बघा.

लष्करवाली
आहे. कमरेपाशी. डावीकडच्या तुकड्यातली झालर आणि उजवीकडची झालर वेगळ्या हाताची वाटते, उजवीकडची जास्त दाट आहे.

पिकग्लास
रविवारी संध्याकाळी पाचला पार्क चौकात या सगळे, मी दोन भिंगं आणि माझं ते १८०९ च्या कागदावरचं चित्र आणतो. ताई, व्हिक्टोरिया आणा. दोन पुठ्ठ्यांच्या मधे, सपाट, आणि रिक्षात मांडीवर धरा.

होटगीरोडकर
मी पण येतो. टिपूवाली असतील तर आणा कुणीतरी.